दोन आसनांच्या मधे

फोकस वाढवायचाय म्हणून योगा सुरू करतोय, तर कुठलं आसन करू, असं हल्ली बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादं नाव हवं असतं, वृक्षासन म्हणा, पद्मासन म्हणा, नाहीतर कुणाकडून तरी ऐकलेलं त्राटक, म्हणजे ज्योतीकडे टक लावून बघणं. मी सांगते की अंगाला झेपेल असं कुठलंही सोपं आसन घ्या, फक्त त्यातून बाहेर येताना तुमचं लक्ष कुठे असतं तेवढं बघा. यावर समोरचा जरा गोंधळतो आणि ते साहजिकच आहे, कारण आसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ती फोटोतली पूर्ण झालेली स्थितीच येते, तिथवर पोचणं आणि तिथून परत येणं हे आपण आसनात धरतच नाही. पण मनापासून सांगते, एकाग्रतेसाठी योगा करायचा असेल तर खरं काम त्या जाण्यायेण्यातच आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं तर त्याचे बरेच महिने वाचतील.

हे नीट कळायला आधी मॅट गुंडाळून ठेवून दिवसभराच्या कामाकडे बघायला हवं. लक्ष तुटतं म्हणजे नेमकं कधी तुटतं? मी बरेच दिवस स्वतःवर नजर ठेवून होते आणि मला असं दिसलं की एखाद्या कामात बुडालेलं असताना ते फारसं तुटत नाही, तुटतं ते एक गोष्ट संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या फटीत. मेल पाठवून झाला, पुढची फाईल उघडायचीय, तेवढ्यात हात मोबाईलवर. पान लोड व्हायला चार सेकंद लागतायत, तेवढ्यात दुसरा टॅब. एक धडा वाचून झाला, आता त्यावरचे प्रश्न सोडवायला बसायचं, मधे फक्त पाणी प्यायला उठलो आणि बघता बघता अर्धा तास गेला. त्या फटीतून एकदा बाहेर पडलं की परत आत यायला किती वेळ जाईल याचा काही नेम नसतो.

सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली नेमकं याच फटीवर काम प्रसिद्ध केलं, त्यांनी त्याला अटेन्शन रेसिड्यू असं नाव दिलं. माणूस एका कामावरून उठून दुसऱ्या कामाला लागला तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, विशेषतः ते अर्धवट सुटलेलं असेल तर, आणि मग नवीन काम उरलेल्या लक्षावरच रेटावं लागतं. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी साधारण २,२५० माणसांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठंय, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर आलं की मन हातातल्या कामात नाही. हे वाचलं तेव्हा मला खूप हायसं वाटलं होतं. आपल्यात काहीतरी बिघाड आहे, आपल्यालाच एकाग्र होता येत नाही असं वाटून जे लोक स्वतःला बोल लावत बसतात त्यांना हा आकडा आवर्जून सांगावासा वाटतो, मन असंच चालतं, सगळ्यांचंच.

आता योगाकडे येऊ. योगाच्या एका सेशनमध्ये अशा फटी किती असतात ते मोजून बघा. उभं राहून वाकायचं, मग वर यायचं. उजवी बाजू झाली, डावी करायची. पोटावरून पाठीवर वळायचं, झोपलेलं असताना उठून बसायचं. आणि सगळ्यात जास्त म्हणजे श्वास, आत घेतला की बाहेर, बाहेर सोडला की आत, दर मिनिटाला कितीतरी वेळा एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते. एवढ्या फटी, एवढ्या जवळजवळ आणि इतक्या साध्या की तिथे डोकं चालवायला काही नसतंच, फक्त हजर राहायचं असतं. मला तरी असा सराव देणारी दुसरी गोष्ट माहीत नाही. व्यायाम म्हणून पळणं उत्तम आहे, पोहणं उत्तम आहे, पण त्यात एकच लय लागून राहते आणि मन आपलं आपलं फिरायला मोकळं असतं, योगात त्याला दर काही सेकंदांनी हाक येते.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाबद्दल थेट बोलणारी सूत्रं फक्त ३ आहेत, दुसऱ्या पादातली (म्हणजे अध्यायातली) ४६ ते ४८, हे कळल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटतं. त्यातही एकाही पोझचं नाव नाही. आसन स्थिर असावं, सुखाचं असावं, प्रयत्न सैल सोडावा, एवढंच. लगेच पुढचं सूत्र प्राणायामाचं, आणि प्राणायाम म्हणजे काय तर श्वास-उच्छ्वासाच्या गतीत पडलेला खंड, म्हणजे पुन्हा ती मधली जागाच. त्याच्याही आधी, पहिल्या पादात मनाच्या विक्षेपांची यादी येते, आजारपण, संशय, आळस वगैरे ९, आणि मग सांगितलंय की या विक्षेपांच्या सोबतीने दुःख येतं, खट्टूपणा येतो, अंगाला कंप येतो आणि श्वास बिघडतो. मला ही यादी सुरुवात करणाऱ्यासाठी फार मोलाची वाटते. मन पळालं की नाही हे मनातच शिरून शोधत बसलं तर आणखी गुंता होतो, पण पाय हलला का, श्वास अडखळला का, हे कुणालाही बघता येतं. मनावर नजर ठेवायची नाहीच मुळी, तळपायावर ठेवायची.

वृक्षासनाचंच घ्या. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याचा तळवा आतल्या बाजूने मांडीला किंवा पोटरीला टेकवायचा (गुडघ्यावर अजिबात नाही, गुडघ्याच्या सांध्याला बाजूने दाब सोसत नाही), हात छातीशी जोडायचे आणि समोर एका न हलणाऱ्या ठिपक्यावर नजर ठेवायची. नवखा माणूस यात काय करतो तर पाय वर नेण्याची घाई करतो, मग तोल सांभाळायला श्वास रोखतो, जबडा आवळतो, दहा सेकंद कसंबसं काढतो आणि धाडकन पाय खाली टाकतो. झालं, केलं वृक्षासन. यात एकाग्रता होती का? होती, पण भीतीची, पडू नये म्हणून आलेली. ती उपयोगाची आहे पण रोजच्या कामात आपल्याला पडायची भीती नसते ना, तिथे हीच एकाग्रता आपसूक येत नाही.

मी ते असं करायला सांगते. आधी दोन्ही पायांवर सरळ उभं राहा, ताडासनात, आणि नुसतं बघा की वजन कुठंय, टाचेवर जास्त की चवड्यावर, उजवीकडे जास्त की डावीकडे. मग पाय न उचलता सगळं वजन हळूहळू एका पायावर न्या, अगदी सावकाश, दुसरा पाय जमिनीवरच आहे पण हलका होत चाललाय. हा जो वजन सरकण्याचा वेळ आहे, चारपाच श्वासांचा, हा माझ्या मते अख्ख्या आसनातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणच्या खबरा एकत्र करत असतो, डोळ्यांनी दिसणारं, कानाच्या आतल्या भागातून येणारं, आणि स्नायू-सांध्यांतून येणारं, आणि वजन सरकवताना या तिन्हींची जुळवाजुळव नव्याने करावी लागते. घोट्यापाशी बारीक बारीक हालचाली चालू होतात, त्या जाणवायला लागल्या की समजा लक्ष जागेवर आहे. मग पाय उचला, हवा तितकाच, बोटं जमिनीला टेकलेली ठेवली तरी चालेल, भिंत जवळ असू द्या. आणि मग उतरताना जितक्या वेळात वर गेला होता तितकाच वेळ घेऊन पाय खाली आणा, जमिनीला टेकण्याचा आवाज येता कामा नये.

इथे बहुतेकांचं लक्ष सुटतं. पाय खाली यायला निघाला की मन म्हणतं झालं, आणि ते पुढे पळतं, डाव्या बाजूला, नाहीतर सरळ ऑफिसात. पायाचा आवाज येतो तो त्यामुळे. मला ही खूण फार आवडते कारण ती खोटं बोलत नाही, आवाज आला म्हणजे शेवटच्या सेकंदाला तुम्ही तिथे नव्हता, बस्स, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, पुढच्या वेळी परत. आणि दुसरी बाजू करायच्या आधी दोन्ही पायांवर उभं राहून दोन श्वास थांबायचं. या दोन श्वासांत हात आपोआप कपडे नीट करायला जातात, केस मागे सारायला जातात, मॅट सरळ करायला जातात, त्यांना जाऊ द्यायचं नाही. ज्या हाताला इथे थांबता आलं तोच हात मेल पाठवून झाल्यावर मोबाईलकडे जाताना थांबतो, असा माझा अनुभव आहे. एकदम नाही होत, पण होतं.

मार्जारासन याच्यापेक्षा सोपं आणि फटींनी भरलेलं, म्हणून सुरुवातीला ते रोज करावं असं मला वाटतं. चार पायांवर यायचं, हात खांद्यांच्या खाली, गुडघे कमरेच्या खाली, श्वास घेत पाठ खाली आणि मान वर, श्वास सोडत पाठ कमानीसारखी वर आणि मान खाली. करायला लागलात की दोनतीन मिनिटांत ते यंत्रासारखं व्हायला लागतं, शरीर करतंय आणि मन भलतीकडेच. तेव्हा एकच गोष्ट बदला, पाठीने वळण्याच्या आधी श्वासाला वळू द्या. म्हणजे श्वास पूर्ण आत आला, तो वळून बाहेर निघाला, आणि मगच पाठ हलायला लागली. हे वाचताना क्षुल्लक वाटेल पण करून बघा, कारण यासाठी तो श्वास नेमका कुठे वळतो हे पकडावं लागतं आणि ते पकडताना दुसरा विचार करायला जागाच उरत नाही.

१९३० च्या दशकात म्हैसूरला योगगुरू कृष्णमाचार्य जे शिकवत होते त्यात ही गोष्ट अगदी ठळक होती, प्रत्येक हालचालीला एक श्वास बांधलेला, आसनात जाणं आणि बाहेर येणं हेही मोजूनमापून. त्यांच्याकडेच शिकलेले अय्यंगार पुढे वेगळ्या वाटेने गेले, त्यांनी आसनात जास्त वेळ थांबून शरीराची ठेवण बारकाईने बघायला शिकवलं, आणि भिंत, खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आसन कुणालाही करता येईल असं केलं. नवख्या माणसाने दोन्हींतलं थोडं थोडं घ्यावं, आधाराची लाज बाळगू नये आणि श्वासाची गाठ सोडू नये. वेगाने घामाघूम करणारे जे क्लास असतात ते फिटनेससाठी चांगलेच आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण लक्षासाठी सुरुवात करायची असेल तर ते नकोत. त्या वेगात फटी दिसतच नाहीत.

श्वासाबद्दल जरा जास्त बोलायला हवं. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात, हे मनगटावर बोट ठेवून बऱ्याच जणांना जाणवतंही, आणि यामागे व्हेगस नावाचा मेंदूपासून थेट पोटापर्यंत जाणारा मज्जातंतू आहे, तो श्वास सोडताना हृदयाला जरा हळू करतो. म्हणून श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की शरीराला आपोआप निवांतपणाचा निरोप जातो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की हा परिणाम खूप ठळक होतो, पण सुरुवातीलाच सहाचा हट्ट धरू नये, गुदमरल्यासारखं होतं आणि गुदमरलेला माणूस एकाग्र होत नाही, घाबरतो. तीन मोजत घ्या, चार मोजत सोडा, महिन्याभराने चार आणि सहा, घाई कसली आहे.

आणि श्वास रोखायचा नाही. हे ठासून सांगते कारण पुस्तकात कुंभक वाचून आणि व्हिडिओ बघून लोक पहिल्याच दिवशी श्वास कोंडून बसतात. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात जे म्हटलंय की वारा, म्हणजे श्वास, हलला की चित्त हलतं आणि वारा थांबला की चित्त थांबतं, ते खरंच आहे, पण तिथेच वाघ-सिंह हळूहळू वश होतात तसा प्राण हळूहळू वश करावा नाहीतर तो साधकालाच मारतो असाही इशारा दिलाय, तो मात्र कुणी सांगत नाही. श्वास सुटल्यावर पुढचा यायच्या आधी एक छोटीशी विश्रांती आपोआप येते, अर्ध्या सेकंदाची, एका सेकंदाची, ती लांबवायची नाही, नुसती येताना बघायची. अनुलोम-विलोमात हीच जागा आणखी स्पष्ट होते कारण तिथे बोट बदलावं लागतं, डाव्या नाकपुडीतून आत, उजवीतून बाहेर, उजवीतून आत, डावीतून बाहेर, आणि मन जरा जरी सटकलं की बोट चुकतं. बोट चुकलं की सगळं पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, जिथे कळलं तिथून पुढे चालू.

त्राटकाचं मात्र मी सुरुवातीला नको म्हणते. दिव्याच्या ज्योतीकडे न पापणी लववता बघणं हे हठप्रदीपिकेतल्या षट्कर्मांपैकी, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांपैकी, एक आहे, आणि एकाग्रतेसाठी म्हणून ते फार लोकप्रिय झालंय, पण दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे आधीच कोरडे पडलेले असताना आणखी न लववता बघायचं हे मला पटत नाही. काचबिंदू, मायग्रेन किंवा फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. त्यापेक्षा वृक्षासनात भिंतीवरच्या ठिपक्यावर जी नजर ठेवतो तेवढी पुष्कळ झाली, तिथे पापण्या लववायची पूर्ण मुभा आहे.

तब्येतीचं आलंच आहे तर बाकीचंही सांगून टाकते. ब्लडप्रेशर जास्त असेल तर डोकं खाली जाणारी आसनं आणि जोरात केलेली कपालभाती टाळावी, काचबिंदू असेल तर डोकं खाली नेणारं काही करूच नये, पाठीच्या मणक्याचा, गुडघ्याचा त्रास असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर आणि मग शिकवणारा माणूस, या क्रमाने जावं. जेवणानंतर तीनचार तास जाऊ द्यावेत. आणि दुखलं तर थांबावं, ताण आणि दुखणं यातला फरक शरीर आपल्याला नीट सांगतं, आपणच ऐकत नाही.

शिकायचं कुठून, तर जमत असेल तर एखाद्या शिक्षकाकडून, निदान सुरुवातीचे काही आठवडे, कारण आपला खांदा वाकडा जातोय हे आपल्याला दिसत नाही. नाहीच जमलं तर व्हिडिओ चालेल पण तो करत करत बघू नका. सतत मान वळवून स्क्रीनकडे बघायचं, म्हणजे ज्या सवयीतून सुटायचंय तीच मॅटवर घेऊन यायची. आधी एकदा बसून पूर्ण बघा, त्यातली तीनच आसनं निवडा, आणि मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आठवणीने करा. पुढचं काय होतं ते आठवावं लागणं हाही सराव आहे. तीन आसनं खूप कमी वाटतील पण २० मिनिटांत तीन आसनं सावकाश करायची म्हटली तर वेळ पुरत नाही, बघा करून. २०१३ साली नेहा गोठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० तरुण मुलींवर एक छोटा प्रयोग केला होता, २० मिनिटं योगा केल्यावर लगेच घेतलेल्या चाचण्यांमध्ये त्यांची वर्किंग मेमरी (हातातलं काम करताना लागणारी तात्पुरती स्मरणशक्ती) आणि मोह आवरून बरोबर उत्तर देण्याची क्षमता दोन्ही त्याच मुलींनी केलेल्या २० मिनिटांच्या एरोबिक व्यायामानंतरच्यापेक्षा चांगली आली. ३० म्हणजे फार नाहीत आणि हा तात्पुरता परिणाम आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत, पण सुरुवात करणाऱ्याला २० मिनिटं पुरतात एवढा धीर त्यातून नक्की मिळतो.

सवय लागायला किती दिवस लागतात यावर २१ दिवसांची गोष्ट सगळीकडे फिरत असते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर जो अभ्यास केला त्यात सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसागणिक फरक इतका की कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही असंही त्यांना आढळलं, आणि मला वाटतं हेच सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण योगा सोडून देणारे बहुतेक लोक कंटाळून सोडत नाहीत, एक दिवस चुकला म्हणून सोडतात. चुकलेला दिवस हीसुद्धा एक फटच आहे की, दोन सरावांच्या मधली, जरा मोठी.

आता शवासन. लोक त्याला शेवटचा आराम समजतात आणि घाई असेल तर तेच गाळतात, मी म्हणते बाकी काहीही गाळा पण हे ठेवा. पाठीवर झोपायचं, पाय थोडे लांब, तळवे वर, डोळे मिटलेले. आणि इथे झोप लागते, अगदी लागते, दमलेल्या माणसाला तर लागणारच, लागली तर शरीराला ती हवी होती असं समजावं. ज्यांची झोपच पुरी होत नाही त्यांच्यासाठी फोकसचं पहिलं औषध झोप आहे, योगा नंतर. पण झोप नाही लागली तर शवासनाच्या शेवटी, उठायच्या आधी, एक गंमत घडते, आपण अजून पडलेलेच असतो पण मन उठून कामाला लागलेलं असतं, आज काय काय करायचं त्याची यादी सुरू झालेली असते. तेवढं ओळखायचं. मग बोटं हलवायची, कुशीवर वळायचं, हाताचा आधार घेऊन उठून बसायचं, आणि यातली प्रत्येक पायरी वेगळी करायची, एकात एक मिसळू द्यायची नाही.

मग पुढची दहा मिनिटं. याबद्दल कुणीच बोलत नाही आणि मला हेच सगळ्यात जास्त सांगायचंय. मॅट गुंडाळली की सगळ्यात मोठी फट समोर येते, योगा आणि उरलेला दिवस यांच्या मधली, आणि बहुतेक जण त्या क्षणी फोन उचलतात, २० मिनिटांत काय काय आलं ते बघायला. माझ्या घरी मी असं ठरवून टाकलंय की मॅट गुंडाळल्यावर आधी दिवसातल्या सगळ्यात अवघड कामाला हात लावायचा, दहाच मिनिटं, मग बाकीचं जग. काम आदल्या रात्रीच ठरवून कागदावर लिहून ठेवते, म्हणजे काय करू असा विचार करायलाही जागा राहत नाही. माझं जे काही लिखाण, वाचन, हिशोबाचं किचकट काम होतं ते या दहा मिनिटांतून सुरू होतं आणि पुष्कळदा तासभर चालतं. आसनांनी मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी कमरेचं दुखणं कमी झालं हेही सांगेन, पण आधी हे सांगेन.

काही जणांना डोळे मिटून शांत बसल्यावर उलट जास्त अस्वस्थ वाटतं, छातीत धडधडतं, जुन्या नकोशा आठवणी वर येतात. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, बसण्यापेक्षा उभ्याची आसनं करावीत, शवासन भिंतीला पाय टेकवून करावं आणि त्रास होत राहिला तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. तसंच लहानपणापासून कशातच लक्ष टिकत नाही, कामं अर्धवट राहतात, त्यामुळे नोकरी-अभ्यास-नाती सगळ्यावर परिणाम होतोय असं असेल तर ते एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) असू शकतं आणि त्याची तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यायला हवी. योगा त्यासोबत करता येतो, त्याच्याऐवजी नाही. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून असं होतं असं त्या लोकांना आयुष्यभर ऐकवलं जातं, निदान योगाच्या नावाने तरी तेच परत ऐकवू नये.

तीन आसनं अंगवळणी पडली की पुढे काय, तर मी सूर्यनमस्कार सांगेन, पण एका मिनिटात चार वगैरे नाहीत, एक नमस्कार दोनतीन मिनिटांचा. प्रचलित पद्धतीत १२ स्थिती असतात आणि प्रत्येक स्थितीत सावकाश थांबलं की मधल्या सगळ्या जागा उघड्या पडतात. पुढे वाकल्यावर पाय मागे नेण्याची जी जागा आहे तिथे आधी हाताचे तळवे पूर्ण टेकू द्यावे लागतात, मग वजन हातांवर, मग पाय, आणि हे तिन्ही एका श्वासात कोंबायची सवय फार लवकर लागते. माझं सध्या काम चाललंय ते अष्टांग नमस्कारातून भुजंगासनात जाण्यावर, जिथे छाती, हनुवटी, गुडघे जमिनीला टेकलेले असतात आणि श्वास घेत पुढे सरकून वर यायचं असतं. तिथे माझा श्वास अजून अर्धवटच आत येतो आणि शरीर पुढे निघून जातं. गेले काही दिवस तेवढाच तुकडा वेगळा काढून करतेय, बाकीचा नमस्कार न करता, तेवढं एकच जाणं आणि परत येणं.